आधी सांगायचं, मग विकायचं

माझा दादा चष्मेवाला. एकेचाळीस वर्षं त्याने एकाच दुकानात, एकाच स्टुलावर बसून चष्मे केले. दुकान म्हणजे दहा बाय चौदाची खोली. पुढे काचेचं काउंटर, भिंतीवर फ्रेमांचे खण, मागे हिरवा पडदा आणि पडद्याआड डोळे तपासायची खुर्ची. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून काउंटरवर मी बसायचे. पावत्या करायचे, काचा पुसायचे आणि कुठली फ्रेम तोंडाला शोभत नाही ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे. दादाला ते आवडायचं नाही. "ठमे, तू गिऱ्हाईक बोलवायला बसतेस की हाकलायला?" असं म्हणायचा. त्याला स्वतःला जन्मात कुणाचं मन मोडता आलं नाही. ही त्याची खोड आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला उगाच दोष नको.

दुसरी खोड शेअर बाजाराची. दुकान उघडायचं दहाला, पण शटर साडेआठलाच अर्धं वर जायचं. मग वाकून वाकून मंडळी आत यायची. गणिताचे निवृत्त मास्तर, कोर्टातून निवृत्त झालेल्या टायपिस्टबाई आणि अंगभर पीठ घेऊन येणारा, मागच्या गल्लीतला बेकरीवाला. बाकावर बसून बातम्या वाचायच्या, कुठल्या कंपनीचा निकाल कसा लागला यावर वाद घालायचा, सव्वानऊला बाजार उघडला की एकमेकांच्या फोनमध्ये डोकावायचं. पुढे फोनवरही ग्रुप निघाला. त्यात ओळखीपाळखीचे आणखी दहाजण आले, पण खरी बैठक या चौघांचीच. मी शेअर कधी घेतला नाही. चहा मात्र मीच करायचे, तेव्हा त्या बाजारात माझीही गुंतवणूक होती असं म्हणायला हरकत नाही.

त्यांचा एकच नियम होता. एके वर्षी बाजार धाडकन कोसळला. दादा, मास्तर आणि बेकरीवाला रोज बैठकीत एकमेकांना धीर द्यायचे, "काही होत नाही, धरून ठेवा," आणि घरी जाऊन तिघांनीही आपापले शेअर गुपचूप विकले. टायपिस्टबाई तेवढ्या त्यांच्या शब्दावर विसंबून धरून बसल्या. त्यांना ते कळलंच. सहा महिने दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. दादाने ते फार मनाला लावून घेतलं. शेवटी मास्तरांना घेऊन तो त्यांच्या घरी गेला, माफी मागितली आणि त्यांच्यासमोर नियम ठरवला. या चौघांपैकी कुणालाही कुठलाही शेअर विकायचा असेल तर आधी सगळ्यांना सांगायचं, मग विकायचं. डोळे तपासायच्या एका जुन्या तक्त्याची मागची बाजू कोरी होती. मास्तरांनी त्यावर आपल्या वळणदार अक्षरात ब्रशने तो नियम लिहिला आणि दादाने तक्ता पडद्याआड टांगला. समोर गिऱ्हाइकाची अक्षरं, मागे बैठकीचा नियम. अकरा वर्षं तो कुणी मोडला नव्हता.

आता त्या दिवसाकडे येते. दुकानाच्या मालकाला जागा विकायची होती. ती स्वतः घ्यायला दादाला त्याने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती, कारण जुना भाडेकरू. नाहीतर मोबाईलवाला एक गिऱ्हाईक तयारच होता. दादाची सगळी जमा एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये होती. भाव चांगला वर गेला होता. विकले असते तर जागा होत होती, वर थोडं उरत होतं. आदल्या आठवड्यातच त्याने नियमाप्रमाणे बैठकीत सांगितलं, "मी पंप विकावा म्हणतो." मास्तर म्हणाले, "अहो डॉक्टर, आठ दिवसांवर निकाल आलाय. एवढी घाई कशाला? थांबा." दादाला बैठकीतले सगळे कौतुकाने डॉक्टर म्हणायचे. दादा थांबला. मास्तरांचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही.

मास्तरांचं दादाशी नातं कसं होतं तेही सांगायला हवं. त्या दिवसाच्या दोन महिने आधी मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. मुलगा परदेशी, बायको गेलेली. दादा त्यांना हाताला धरून दवाखान्यात न्यायचा, वेळेवर औषधाचे थेंब घालायचा. फोनवरची बारीक अक्षरं त्यांना दिसेनात, म्हणून त्यांचा मेल त्याने दुकानातल्या टॅबलेटवर उघडून दिला आणि रोज सकाळी त्यांना पत्रं, पावत्या, कंपन्यांचे अहवाल मोठ्याने वाचून दाखवू लागला. मी एकदा म्हटलंसुद्धा, "दादा, एवढं आपल्या आईचं तरी केलं होतंस का?" तर हसला. आदल्या संध्याकाळी त्याने मास्तरांना नवा चष्मा दिला. काचा स्वतः घासल्या, फ्रेम त्यातल्या त्यात चांगली. मास्तरांनी तो घातला, रस्त्यापलीकडची पाटी वाचली आणि दादाचे दोन्ही हात धरले. "डॉक्टर, आता मला कुणाची गरज नाही बघा," म्हणाले. आम्ही सगळे हसलो.

त्या सकाळी सव्वाआठलाच बेकरीवाल्याचा मेसेज आला. पंप कंपनीचे हिशेब तपासणाऱ्यांनी निकालाच्या तोंडावर राजीनामा दिला होता. कारण दिलं होतं, वैयक्तिक. मला बाजारातलं कळत नाही, पण हिशेब तपासणारा माणूस निकालाच्या आदल्या दिवशी उठून निघून गेला तर त्याने आत काहीतरी पाहिलं असणार, एवढं मलाही समजतं. ग्रुपात एकच गोंधळ उडाला. कुणी म्हणे अफवा आहे, कुणी म्हणे कंपनी बुडाली, कुणी नुसतेच हात जोडलेले पाठवत होता. दादा स्टुलावर बसून ते वाचत होता.

त्या दिवशी बैठकीला कुणीच आलं नाही. टायपिस्टबाई सकाळी अंथरुणाला खिळलेल्या आईचं आवरतात, म्हणून त्या उशिराच येतात. बेकरीवाल्याची भट्टी पेटलेली होती. मास्तर मात्र कधी चुकत नाहीत, आणि त्या दिवशी तेही नव्हते. दादा म्हणाला, "चष्मा नवा आहे, चक्कर येत असेल. अकराला बोलावलंय मी त्यांना, फ्रेम बसवायला."

सव्वानऊला बाजार उघडला. पंपाचा भाव पडत पडतच उघडला, पण घेणारे होते. तुरळक, पण होते. दादाचं बोट फोनवर होतं. मी म्हटलं, "विकायचं असेल तर विक बाबा." तो म्हणाला, "मास्तरांना विचारून घेतो." फोन लावला, तर उचलला नाही. साडेनऊला ग्रुपात मास्तरांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "मंडळी, घाबरू नका. कुणीही हलायचं नाही. चांगल्या कंपनीत असे झटके येतात. मी," आणि इथे ते अर्धा क्षण थांबले, "मीही हललेलो नाही."

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज जोडून दिलेत. पैज लावून सांगते, खोटं बोलणारा माणूस खोट्याच्या आधी अर्धा क्षण थांबतो. खरं बोलणारा धडपडतो, अडखळतो, पण असा बेताने थांबत नाही. मी दादाला म्हटलं, "हा माणूस खोटं बोलतोय." दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवघरात चप्पल घालून शिरले होते. "ठमे, तोंड सांभाळून बोल," म्हणाला. आणि फोन खाली ठेवला.

पाच मिनिटं गेली असतील. काउंटरवरचा टॅबलेट टिंग करून वाजला. दादा वाचायला म्हणून सवयीने वाकला. दोन महिने रोज हेच करत होता तो. मास्तरांचा मेल त्यांना नवा चष्मा मिळाला म्हणून काही आपोआप बंद होणार नव्हता. दादाला बंद करायचं सुचलं नाही, आणि मास्तरांना तो उघडा आहे याची आठवण राहिली नाही.

दादा बराच वेळ वाकूनच राहिला. मग त्याने टॅबलेट माझ्याकडे सरकवला. मास्तरांच्या शेअर दलालाकडून आलेलं पत्र होतं. पंप कंपनीचे त्यांचे शेअर विकले गेले होते. वेळ, नऊ वाजून एकोणीस मिनिटं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विकले म्हणून नव्हे हो. ज्याचे शेअर, त्याने विकावेत. पण नऊ वाजून एकोणीस मिनिटांनी स्वतः विकायचं आणि साडेनऊला आम्हाला सांगायचं, हलू नका? मला आधी त्यातली मेख कळलीच नाही. म्हटलं, यांना आमचं नुकसान करून काय मिळणार? दादा अगदी हळू आवाजात म्हणाला, "सगळे एकदम नसतील गेले त्यांचे. घेणारे कमी आहेत आज. थोडे थोडे जात असतील, हे शेवटचं पत्र आत्ता आलं. आपण बाकीचे तेराजण विकायला उभे राहिलो असतो तर यांचे अडकले असते. आपण मागे गप्प बसावं म्हणून तो निरोप." मी पुन्हा पाहिलं. खाली आणखी एक ओळ होती. उरलेले शेअर, नऊ वाजून तेहतीस मिनिटं.

म्हणजे "मीही हललेलो नाही" म्हणाले तेव्हा त्यांचा हात विक्रीच्या बटणावर होता. ज्या चष्म्याने ते बटण दिसलं तो दादाने आदल्या संध्याकाळी त्यांच्या कानावर चढवला होता. याला केसाने गळा कापणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

"आता तरी विक!" मी ओरडलेच. भाव अजून हलत होता. एका दिवसात भाव किती खाली जाऊ द्यायचा याला एक हद्द असते, तिथे पोहोचला की घेणारे नाहीसे होतात आणि मग तुम्ही विकायला लावून बसा, विकलं काही जात नाही. त्या हद्दीला अजून थोडं अंतर होतं. दादाने फोन उचलला. मला वाटलं, विकतोय. तो टाइप करत होता. एका बोटाने, सावकाश, काना-मात्रा नीट देऊन. ग्रुपात त्याने लिहिलं, "मी पंप विकणार आहे. नियमाप्रमाणे आधी सांगतोय. मला हे लक्षण बरं दिसत नाही. ज्याला विकायचं असेल त्याने थांबू नये." मास्तरांबद्दल अक्षरही नाही.

"झालं ना सांगून? विक आता!"

"टायपिस्टबाईंनी वाचलं नाहीये," तो म्हणाला. "त्या या वेळी फोन बघत नाहीत."

त्याने त्यांना फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पाण्याचा आवाज येत होता. दादा त्यांना सांगू लागला. "बाई, हात पुसा आधी. उघडलंत का? त्यात पंप शोधा. हिरवं नाही, लाल. लाल दाबा. अहो, किती ते विचारतंय, सगळे म्हणा." मी त्याच्यासमोर उभी राहून हातवारे करत होते, तुझे विक, तुझे विक. त्याने माझ्याकडे पाठ केली. सहा मिनिटं लागली त्या बाईला. शेवटी त्यांचे गेले. बेकरीवाल्याने मेसेज वाचल्या वाचल्या पिठाच्याच हाताने विकून टाकले होते. मग दादाने आपले विकायला लावले. तोवर भाव हद्दीला टेकला होता. विकणाऱ्यांची रांग कुठच्या कुठे गेली होती आणि घेणारा एक नव्हता.

त्या दिवशीचा माझा राग मी आजही लपवत नाही. मास्तरांवर होता तेवढाच दादावर होता. ज्याने नियम मोडला त्याच्यासमोर नियम पाळून कुणाला दाखवायचं होतं? मी तसं त्याला विचारलं. रडत विचारलं. तो म्हणाला, "मास्तरांना नाही गं दाखवायचं." एवढंच.

पुढे सहा दिवस पंपाचा भाव रोज उघडताक्षणी हद्दीला जाऊन टेकायचा. सातव्या दिवशी विकले गेले तेव्हा त्यात जागेची अर्धी किंमतही नव्हती. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पण मला सांगायचंय ते त्याच सकाळचं.

अकराला मास्तर आले. शटर पूर्ण वर होतं तरी सवयीने जरा वाकूनच आत आले. चेहऱ्यावर काळजी, हातात वर्तमानपत्राची घडी. "डॉक्टर, काय हे? मी सांगत होतो ना, हलू नका. तुम्ही ग्रुपात असं लिहिलंत, लोक घाबरले की! बुडालो तर सगळे बरोबर बुडू, एवढा धीर धरायचा." मी तोंड उघडलं, तर दादाने काउंटरखालून माझा हात घट्ट धरला.

"चष्मा कसा आहे?" त्याने विचारलं.

"उत्तम. जरा नाकावर टोचतोय."

"या, बघू. नंबरही एकदा तपासून घेऊ."

दोघं पडद्याआड गेले. मी पडदा सरकवून तिथेच उभी राहिले, मला कोण अडवणार? मास्तर खुर्चीत बसले. दादाने समोरचा तक्ता उलटा फिरवला. "आधी लांबचं वाचा."

मास्तर हसले. "हे तर माझंच अक्षर."

"वाचा ना."

"आधी सांगायचं," त्यांनी वाचलं, "मग विकायचं." आवाज खाली गेला होता, पण अजून सावरलेला होता. मुलांना पाढे म्हणायला लावलेला माणूस, असा लगेच ढळतो थोडाच!

"लांबचं स्वच्छ आहे," दादा म्हणाला. "आता जवळचं." आणि जवळचं वाचायला जो छापील कागद देतो त्याच्याऐवजी त्याने टॅबलेट त्यांच्या हातात ठेवला.

मास्तरांनी चष्मा नाकावर नीट केला. सवयीने मोठ्याने वाचू लागले. तारीख वाचली. स्वतःचं नाव वाचलं. कंपनीचं नाव अर्धं वाचलं आणि थांबले.

"पुढची ओळ बारीक आहे," दादा म्हणाला. "दिसते का?"

"डॉक्टर, मी तुम्हाला सांगणारच होतो..."

"दिसते का, एवढंच विचारतोय."

मास्तर म्हणाले, "दिसते."

"मग नंबर बरोबर आहे."

दादाने त्यांच्या कानावरून चष्मा काढून घेतला. मला वाटलं, आता मोडतो. मीच मोडला असता, पायाखाली घेऊन मोडला असता. त्याने पक्कड घेतली, दिव्याखाली धरून नाकाजवळची ती बारीक तार थोडी बाहेर वाकवली, काचा फडक्याने पुसल्या आणि चष्मा परत मास्तरांच्या तोंडावर चढवला. दोन्ही बाजू सारख्या बसल्या का ते लांबून पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, त्यामुळे त्याला नीट दिसलं नसणार. "आता टोचायचा नाही," म्हणाला.

मास्तर उठून गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्यांना दारापर्यंत ऐकू जाईल असं काहीतरी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दादा त्याच खुर्चीत बसला. तक्ता अजून उलटाच होता. तो म्हणाला, "ठमे, त्या वर्षी टायपिस्टबाईंना असंच वाटलं असेल." त्या वर्षी विकणाऱ्या तिघांतला एक हा होता, हे मी रागाच्या भरात सकाळपासून विसरले होते.

तेवढ्यात फोन वाजला. टायपिस्टबाईच होत्या. मोठ्याने बोलतात त्या, आईला कमी ऐकू येतं म्हणून. "डॉक्टर, आज तुम्ही होतात म्हणून वाचले हो मी! तुमचेही गेले ना? माझ्या नादात तुमचे राहिले नाहीत ना?"

दादा अर्धा क्षण थांबला.

"गेले," तो म्हणाला. "आधी माझेच गेले."